सरकारी सर्व्हर रूम एकत्र करून खर्च खरंच कसा कमी करायचा: मोजणीपासून मीटर उतरवण्यापर्यंत

"आम्ही क्लाउडवर गेलो" असं सांगणारी सरकारी खाती आता बरीच भेटतात, पण "ही बघा आमची आधीची आणि नंतरची वीजबिलं" असं दाखवणारी फारच थोडी. कारण उघड आहे. नव्या जागेचं भाडं सुरू झालं तरी जुन्या खोलीतला एसी, यूपीएस, लीज लाइन (भाड्याची खास डेटा जोडणी), एएमसी (वार्षिक देखभाल करार) हे सगळं "असू दे अजून सहा महिने" म्हणून चालूच राहतं आणि खातं दोन्हीकडे पैसे भरत बसतं. मला या लेखात एवढंच सांगायचंय की पैसे जुनं बंद झाल्यावरच वाचतात, त्यामुळे सगळं नियोजन शेवटापासून, म्हणजे जुनी रूम कोणत्या महिन्यात बंद होणार तिथून, मागे मोजत आणायचं. महापालिका, जिल्हा परिषद, महामंडळ, विद्यापीठ, आयुक्तालय, कुठलंही ऑफिस असो, क्रम थोडाफार हाच.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या फेडरल सरकारकडे १९९८ साली ४३२ डेटा सेंटर होती, २००९ पर्यंत ती ११०० च्या वर गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथले तेव्हाचे सीआयओ (मुख्य माहिती अधिकारी) विवेक कुंद्रा यांनी एकत्रीकरणाची मोहीम काढली, सगळ्या खात्यांना यादी मागितली आणि त्याच वर्षी आकडा २०९४ निघाला. पुढे छोट्या खोल्याही मोजायच्या असं ठरल्यावर तो आणखी वाढला. म्हणजे आपल्याकडे नक्की काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याकडे केंद्राने २००८ मध्ये स्टेट डेटा सेंटरची योजना मंजूर केली, नंतर एनआयसीचा (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा) मेघराज क्लाउड आला, आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केलं. जागा आहे, धोरण आहे, तरी जिन्याखालच्या खोलीतली रॅक तशीच घरघरतेय.

मोजणी: इथे घाई करू नका

पहिलं काम म्हणजे वही घेऊन प्रत्येक खोलीत जायचं. डेडस्टॉक रजिस्टर (साहित्याची नोंदवही) सोबत घ्या पण त्यावर विसंबू नका, कारण रजिस्टरमध्ये असलेली मशीन सापडत नाहीत आणि सापडलेली मशीन रजिस्टरमध्ये नसतात. लेखा शाखेच्या टेबलाखाली साधा डेस्कटॉप "सर्व्हर" म्हणून दहा वर्षं चालू असतो आणि सगळी पेन्शन प्रकरणं त्याच्यावर असतात, हे कुठल्याच कागदावर नसतं. त्यामुळे स्विचच्या पोर्टवरून कोणता मॅक अॅड्रेस (मशीनचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) दिसतोय ते काढा, डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी काढा, फायरवॉलचे नियम काढा, आणि मग खोलीत जाऊन प्रत्येक वायर कुठे जाते ते बघून लेबल चिकटवा.

प्रत्येक मशीनपुढे या गोष्टी लिहायच्या: काय चालतं, कोण वापरतं, मालक अधिकारी कोण (नाव नको, पद लिहा, बदली होते), वॉरंटी-एएमसी कधी संपते, ऑपरेटिंग सिस्टिमला अजून पॅच मिळतात का. विंडोज सर्व्हर २०१२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा जून २०२४ मध्ये, आणि ही दोन्ही अजून ढिगाने सापडतात. शिवाय यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली) लावलेलं आहे का ते बघा, कारण डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये (खऱ्या सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) टाकताना हमखास अडतं. आणि आयपी अॅड्रेस कुठेकुठे व्हाइटलिस्ट केलाय (परवानगीच्या यादीत घातलाय) ते आत्ताच विचारून ठेवा. पेमेंट गेटवे, एसएमएस गेटवे, आधार पडताळणी, या सगळ्यांना नवा आयपी कळवावा लागतो आणि पलीकडच्या संस्थेची मंजुरी पत्रव्यवहाराने येते, त्याला आठवडे जातात.

मग वापर मोजा. एका दिवसाचा सीपीयू बघून काही कळत नाही. निदान एक पूर्ण महिना लॉग ठेवा, आणि त्यात महिनाअखेर यायला हवी. तुमच्या सिस्टिमचा मोसम ओळखा: कोणाचा मार्चअखेर, कोणाचा शिष्यवृत्तीचे अर्ज, कोणाचा निकालाचा दिवस. सरासरी आणि कमाल असे दोनच आकडे घेऊ नका, ९५ टक्के वेळ वापर कितीच्या खाली राहिला तो आकडा काढा, नव्या मशीनचा साइज त्यावरून ठरवा. अमेरिकेने २०१६ च्या धोरणात उद्दिष्टं ठेवली होती ती तुमच्या नोटशीटमध्ये टाकायला चांगली आहेत: पीयूई (खोलीची एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) १.५ किंवा कमी, एका फिजिकल सर्व्हरवर निदान ४ व्हर्च्युअल सर्व्हर, सर्व्हरचा वापर ६५ टक्के.

विजेचा हिशोब वेगळा करा

सरकारी ऑफिसात वीजबिल दुसऱ्याच लेखाशीर्षातून भरलं जातं, एसी आणि जनरेटर सार्वजनिक बांधकामची विद्युत शाखा बघते आणि आयटी सेलला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून सर्व्हर रूमला सब-मीटर लावून घ्या, ताबडतोब. इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात लावतो, आणि पुढचं सगळं समर्थन याच आकड्यावर उभं राहतं.

धरून चाला की १० जुने सर्व्हर आहेत आणि प्रत्येक सरासरी ४०० वॅट खातो. म्हणजे ४ किलोवॅट, वर्षाचे तास ८७६०, झाले ३५,०४० युनिट. पण एसी आणि यूपीएसची गळती धरून खोली एकूण दुप्पट वीज ओढते (पीयूई २ म्हणजे हेच), तर ७०,०८० युनिट. युनिट १० रुपये धरलं तर वर्षाला सात लाखांच्या वर. हेच काम ८०० वॅटच्या २ नव्या सर्व्हरवर, पीयूई १.६ च्या जागेत ठेवलं तर साधारण २२,४०० युनिट, म्हणजे सव्वादोन लाख. पावणेपाच लाख दर वर्षी, एका छोट्या खोलीचे. तुमचे आकडे वेगळे येतील, पण नोटशीटवर असा हिशोब मांडला की वित्त शाखेचे प्रश्न निम्मे कमी होतात.

काय हलवायचं, काय बंद करायचं

यादी हातात आली की सगळ्यात आधी बंद करण्यासारखं शोधा. संपलेल्या योजनेचं पोर्टल, जुन्या निविदेची साइट, कोणी लॉगिनच करत नाही अशी हजेरी सिस्टिम, असं बरंच निघतं, आणि हे हलवायला एक रुपयाही खर्च करायचा नाही. बंद करायची रीत अशी की मालक अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, मग मशीन चालू ठेवून फक्त नेटवर्क केबल काढा आणि एक महिनाअखेर जाऊ द्या. कोणाचा फोन आला तर केबल परत लावता येते. नाही आला तर डेटा काढून अभिलेखात ठेवा. इथे अभिलेखांचं अ, ब, क, ड वर्गीकरण डिजिटल नोंदींनाही लावायचं, 'अ' वर्गातली नोंद कायम जपायची असते, "सर्व्हर बंद झाला म्हणून नोंद गेली" हे उत्तर माहिती अधिकाराच्या अपिलात टिकत नाही.

उरलेल्याचे तीन गठ्ठे करा. जे आहे तसं व्हर्च्युअल मशीन करून उचलता येईल ते एक, थोडा बदल करून (नवी ऑपरेटिंग सिस्टिम, नवा डेटाबेस) हलवायचं ते दोन, आणि ज्याच्या जागी राज्याची किंवा एनआयसीची तयार सिस्टिम वापरता येईल ते तीन. तिसऱ्या गठ्ठ्याकडे लोक दुर्लक्ष करतात पण बचत तिथे मोठी असते. आपलीच वेगळी टपाल-आवक सिस्टिम कशाला चालवायची जर ई-ऑफिस मिळतंय.

कुठे न्यायचं

पर्याय तीन: स्टेट डेटा सेंटर, एनआयसीचा क्लाउड, किंवा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व आयटी मंत्रालयाने एम्पॅनल केलेली (मान्यतायादीत घेतलेली) खासगी क्लाउड कंपनी, जिची सेवा जेमवरून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून) घेता येते. तुलना करताना ५ वर्षांची करा आणि पूर्ण करा. नुसतं व्हर्च्युअल मशीनचं भाडं बघून खासगी क्लाउड स्वस्त वाटतो, मग बॅकअप, डीआर (आपत्तीत काम चालू ठेवायची दुसरी जागा), बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे, लिंक, मॅनेज्ड सर्व्हिस हे सगळं मागून येतं. सर्व्हर जर चोवीस तास त्याच साइजचा चालणार असेल तर तासाच्या दराने घेऊच नका, वर्षाच्या कमिटमेंटचा दर मागा. उलट टेस्टिंगची मशीन दिवसाला १० तास, महिन्याला २२ दिवस चालवली तर ७३० पैकी २२० तासच होतात, म्हणजे कॉम्प्युटचं बिल तीस टक्क्यांवर येतं (डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं). हे कोणीतरी रोज संध्याकाळी आठवणीने बंद करेल अशी आशा ठेवू नका, शेड्यूल लावा.

लायसन्सवर एक पूर्ण दिवस द्या, खरंच. ओरॅकल डेटाबेसचं लायसन्स प्रोसेसर कोअरवर मोजतात, नेहमीच्या इंटेल-एएमडी सर्व्हरला कोअरच्या निम्मे. पण व्हीएमवेअरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) टाकलं तर व्हर्च्युअल मशीनला दिलेले चार कोअर मोजायला ओरॅकल तयार नसते, मशीन ज्या होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) जाऊ शकते ते सगळे होस्ट मोजावेत अशी कंपनीची भूमिका आहे. म्हणजे तुम्ही सगळं एका मोठ्या क्लस्टरमध्ये (होस्टच्या गटात) एकत्र केलंत तर विजेत वाचवलेले पैसे लायसन्समध्ये जातील. त्यामुळे ओरॅकलसाठी वेगळा, छोटा, दोन होस्टचा क्लस्टर ठेवा, किंवा शक्य तिथे पोस्टग्रेसवर (मोफत डेटाबेसवर) जा. विंडोजचंही बघा: स्टँडर्ड एडिशनमध्ये पूर्ण सर्व्हरच्या लायसन्सवर दोनच व्हर्च्युअल मशीन बसतात, डेटासेंटर एडिशनमध्ये कितीही, मग एका होस्टवर बरीच मशीन बसवणार असाल तर महाग एडिशन स्वस्त पडते. आणि व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतल्यापासून नवं लायसन्स सबस्क्रिप्शनवरच मिळतं, जुन्या अंदाजपत्रकातला आकडा तसाच उचलू नका.

अजून एक. हार्डवेअर एकदाच घेतलं की विषय संपतो, क्लाउडचं बिल मात्र दर महिन्याला येतं. त्यासाठी संगणक खर्चाच्या उद्दिष्टाखाली आवर्ती तरतूद अंदाजपत्रकात आधीच मागून ठेवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये निधी वितरित व्हायच्या आधी बिल थकतं.

मराठी डेटा: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

या भागावर परदेशी मार्गदर्शिकांमध्ये काहीच सापडत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्याकडच्या जुन्या सिस्टिममध्ये मराठी मजकूर बऱ्याचदा युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतात) नसतोच, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टचा असतो. डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. नव्या सर्व्हरवर नेलं की सगळा कचरा दिसतो. म्हणजे आधी रूपांतर, मग स्थलांतर.

दुसरी अडचण लांबीची. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी ५० लिहिलेली असते ती सहसा ५० बाइट असते. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. 'ज्ञानेश्वर' मध्ये अशी १० चिन्हं आहेत, म्हणजे एका नावाचेच ३० बाइट झाले. पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव त्याच कॉलममध्ये असेल तर इम्पोर्ट ओआरए-१२८९९ (मजकूर कॉलममध्ये मावत नाही) ही त्रुटी देऊन ती ओळ नाकारतो, आणि कोणी घाईत सबस्ट्रिंग लावून (मजकूर तोडून) "दुरुस्त" केलं तर आडनावच कापलं जातं. उपाय सोपा आहे, नव्या डेटाबेसमध्ये लांबी बाइटऐवजी कॅरेक्टरमध्ये घ्या आणि कॉलम थोडे मोठे करा, पण ते इम्पोर्टच्या आधी.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन पद्धतीने साठवलेला असतो: काही ठिकाणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण शोधताना एक दुसऱ्याशी जुळत नाही. दोन खात्यांचा डेटा एका जागी आला की एकाच तालुक्याचे दोन तालुके होतात. एकच पद्धत ठरवा आणि सगळा डेटा तिच्यात आणा. रूपांतर झाल्यावर रफार, अर्धा र, क्ष, ज्ञ, ळ असलेली शेदोनशे नावं काढून मूळ कागदाशी ताडून बघायला त्या शाखेतल्या अनुभवी लिपिकाला बसवा. सातबाऱ्यावरचं किंवा पेन्शनरचं नाव चुकलं तर त्या माणसाला दुरुस्तीसाठी किती खेटे घालावे लागतात हे त्यांना माहीत असतं, आणि म्हणून त्यांची नजर कुठल्याही स्क्रिप्टपेक्षा बारीक असते.

नेटवर्क आणि ऑडिट

जुनं सॉफ्टवेअर डेटाबेसशी थेट बोलणारं असेल तर सर्व्हर लांब गेला की ते रडतं. एक फॉर्म उघडायला २०० क्वेरी लागत असतील आणि प्रत्येकीला जाऊन यायला २० मिलिसेकंद, तर झाले ४ सेकंद, जे लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) जाणवतही नव्हतं. अशा अॅपचा वेब सर्व्हर किंवा रिमोट डेस्कटॉप डेटाबेसच्या शेजारीच ठेवा. तपासणी मंत्रालयाच्या इमारतीत बसून करू नका, भामरागड किंवा अक्कलकुव्याच्या ऑफिसातून कोणाला तरी लॉगिन करायला लावा.

डेटा नेण्याचा वेळही मोजून ठेवा. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लिंकवर पूर्ण वेगाने धरला तरी नऊ दिवसांच्या वर लागतात, आणि पूर्ण वेग कधीच मिळत नाही. एन्क्रिप्ट केलेली डिस्क हाताने नेऊन पहिली कॉपी टाका, मग फक्त फरक सिंक करा.

होस्टिंगच्या आधी सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एम्पॅनल ऑडिटरकडून 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र लागतं. जुन्या अॅपमध्ये त्रुटी निघतात, त्या दुरुस्त करायला मूळ व्हेंडर नसतो, म्हणून हे काम पहिल्याच महिन्यात सुरू करा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, तर लॉगची जागा खर्चात धरा आणि कोण कळवणार ते लिहून ठेवा.

कटओव्हर: जुन्यावरून नव्यावर जाणं

लाटांमध्ये करा. पहिल्या लाटेत अशी सिस्टिम घ्या जी दोन दिवस बंद राहिली तरी नागरिकाचं काम अडत नाही. तारीख ठरवताना मार्च, निकाल, अर्जांच्या शेवटच्या तारखा टाळा, आणि आचारसंहितेच्या आधीच खरेदीचे आदेश निघालेले असू द्या. राज्य सरकारी ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा असल्याने शुक्रवारची रात्र बरी पडते, पण आपले सरकार केंद्रं शनिवारीही चालू असतात, त्यांना आधी कळवा.

दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवायचा वेळ) ३०० सेकंदांवर आणा. बदल बंद करा. शेवटचा सिंक, मग जुनी सिस्टिम फक्त वाचण्यापुरती. पडताळणी तीन गोष्टींची: प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या, रकमेच्या कॉलमची बेरीज, आणि शेवटचा पावती किंवा दाखला क्रमांक. पावती क्रमांकाचा क्रम मागे गेला तर सोमवारी दुबार पावत्या फाटतात आणि लेखापरीक्षणात ते वर्षभर पुरतं. मागे फिरायची वेळ घड्याळ लावून ठरवा, "रविवारी दुपारी २ पर्यंत हे तीन आकडे जुळले नाहीत तर जुन्यावर परत", आणि तो निर्णय कोण घेणार त्याचा फोन नंबर सगळ्यांकडे असू द्या.

सगळं एका जागी आलं की धोकाही एका जागी येतो

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या राष्ट्रीय डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटरीला आग लागली आणि सहाशेच्या वर सरकारी सिस्टिम एका झटक्यात बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टीबीची जी-ड्राइव्ह गेली ती गेलीच, तिचा बाहेर बॅकअप नव्हता. एकत्रीकरणाच्या बचतीतून डीआरचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरेल तिलाच बचत म्हणा. डीआर वेगळ्या भूकंप क्षेत्रात असावं, एक कॉपी नेटवर्कपासून तोडलेली असावी, आणि वर्षातून दोनदा खरंच डीआरवरून काम चालवून बघावं. नुसता "बॅकअप सक्सेसफुल" असा मेल बघून समाधान मानू नका, त्यातून एक टेबल परत आणून दाखवायला सांगा.

जुनी खोली बंद करणं

नवी सिस्टिम एक महिनाअखेर नीट गेली की बंद करायला लागा. एएमसी रद्द करण्याची नोटीस किती दिवस आधी द्यायची ते करारात बघा, बऱ्याचदा ती मुदत हुकली की वर्षभराचं नूतनीकरण आपोआप होतं. लीज लाइन सरेंडर करा आणि सरेंडरचं पत्र फाइलला लावा, नुसता राउटर काढून बिल थांबत नाही. डिस्क पुसून किंवा फोडून त्याचा पंचनामा करा, मग निर्लेखनाचा (नोंदवहीतून काढण्याचा) प्रस्ताव, मग ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडेच. यूपीएसच्या बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्या भंगारात ढकलू नका.

आणि सगळ्यात शेवटी लोक हमखास विसरतात ती गोष्ट. खोलीचा भार गेला तरी महावितरणकडे करारातली मागणी तीच राहते आणि मोठ्या जोडणीला मागणी आकार तिच्याशी बांधलेला असतो. भार कमी करून मिळावा म्हणून रीतसर अर्ज करा. विद्युत शाखेकडून तो करून घेणं, पुढच्या दोन बिलांत आकार उतरला का ते बघणं, आणि त्या बिलांच्या प्रती सब-मीटरच्या जुन्या नोंदींसोबत एकाच फाइलला लावणं हे आयटी सेलच्याच एखाद्या माणसाच्या नावावर लिहून द्या, कारण ते दुसरं कोणी करत नाही.